आयडलिंगला दाब बरोबर, मग भारावर इंजिन का दमते?

आपल्या प्रश्नात दोन तक्रारी आहेत. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू करताना बराच वेळ स्टार्टर फिरवावा लागतो, ही पहिली. दुसरी अशी की, चढावर किंवा वेगात ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की इंजिनाचा दम तुटतो, झटके बसतात आणि पाय थोडा सैल केला की ते पुन्हा सावरते. रेलवर (इंजेक्टरना इंधन पुरवणाऱ्या नळीवर) गेज लावल्यावर आयडलिंगला, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन मंद चालू असताना, 3 बार दाब दिसतो, पंपाची मोटर नवीन बसवून झाली आहे, तरी फरक पडलेला नाही; म्हणून आता इंजेक्टर (इंजिनात इंधन फवारणारे भाग) बदलावेत का, असे आपण विचारले आहे. माझे स्पष्ट मत असे आहे की, अजून एकही भाग बदलू नये. आयडलिंगला मिळालेल्या एका आकड्यावरून इंधनपुरवठा निर्दोष आहे असे ठरत नाही, आणि नवीन पंप बसवला म्हणजे पंपापर्यंतची वीज, टाकीतली नळी आणि फिल्टर हेही नवीन झाले असे होत नाही. या दोन तक्रारींची कारणे वेगवेगळी असू शकतात, म्हणून त्यांची तपासणीही स्वतंत्रपणे करावी लागेल.

आयडलिंगचा आकडा का फसवतो ते आधी पाहू. साधारण दीड लिटर क्षमतेचे पेट्रोल इंजिन आयडलिंगला तासाला जेमतेम एक लिटर इंधन घेते, तर पूर्ण भारावर तेच इंजिन तासाला 25 लिटरच्या आसपास इंधन मागते. पंप मात्र विजेवर चालणारा असल्यामुळे बहुतेक गाड्यांत दोन्ही वेळा जवळपास सारख्याच वेगाने फिरतो, आणि जे इंधन इंजिनाला लागत नाही ते रेग्युलेटर, म्हणजे दाब ठरावीक ठेवणारा व्हॉल्व्ह, टाकीत परत सोडतो. म्हणजेच आयडलिंगला पंपाने दिलेले बहुतांश इंधन परतच जात असते. पंपाची क्षमता निम्म्यावर आली, फिल्टर अर्धा तुंबला किंवा वायरिंगमध्ये दोन व्होल्ट वाया गेले, तरी रेग्युलेटरला दाब टिकवण्यापुरते इंधन मिळत राहते आणि गेजचा काटा 3 बारवर स्थिर दिसतो. परत जाणारे हे जादा इंधन जेव्हा संपते, तेव्हाच दाब घसरू लागतो, आणि तो क्षण आपण सांगता तसा चढावर किंवा पूर्ण ॲक्सिलरेटरवर येतो. म्हणून दाब आणि प्रवाह या दोन गोष्टी मोजताना वेगळ्या ठेवाव्यात. नुसत्या दाबावर निदान करण्याच्या सवयीमुळे चांगले पंप फेकले जातात आणि मूळ दोष गाडीत तसाच राहतो.

मोजमापाला हात घालण्यापूर्वी आपल्या गाडीतली रचना कोणती आहे हे निश्चित करा, कारण त्यावर अपेक्षित आकडा ठरतो. जुन्या रचनेत रेग्युलेटर रेलवर असतो, त्याला मॅनिफोल्डमधून (इंजिनात हवा नेणाऱ्या मार्गातून) व्हॅक्यूमची नळी आलेली असते आणि तिथून टाकीकडे परतीची लाइन जाते. हा रेग्युलेटर इंजेक्टरच्या दोन्ही टोकांमधला दाबाचा फरक कायम ठेवतो. त्यामुळे 3 बारच्या रेग्युलेटरवर आयडलिंगला गेज सुमारे 2.4 ते 2.5 बार दाखवतो आणि व्हॅक्यूमची नळी काढताच काटा 3 बारवर जातो. नळी काढूनही काटा हलला नाही, तर रेग्युलेटर, नळी किंवा परतीच्या लाइनमध्ये दोष आहे. दुसऱ्या रचनेत परतीची लाइन इंजिनापर्यंत येतच नाही. रेग्युलेटर टाकीतच पंपाच्या मॉड्यूलमध्ये (मोटर, जाळी आणि झाकण यांच्या एकत्र जुळणीत) असतो, दाब स्थिर असतो आणि मॅनिफोल्डमधल्या बदलाची भरपाई ईसीयू (इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक) इंजेक्टर उघडा ठेवण्याची वेळ बदलून करतो. या रचनेत दाब साधारणपणे 3 ते 4 बारच्या दरम्यान असतो. काही गाड्यांत रेलवर दाबाचा सेन्सर असतो आणि ईसीयू पंपाचा वेग गरजेप्रमाणे कमी-जास्त करतो. अशा गाडीत स्थिर आकड्याची अपेक्षाच चुकीची ठरते, तिथे ईसीयूने मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष दाब यांची तुलना करावी लागते. अंतिम आकडा नेहमी त्या मॉडेलच्या सर्व्हिस पुस्तिकेतलाच घ्यावा. तेव्हा आपल्याला दिसलेला 3 बार बरोबर आहे की कमी, हेही रचना कळल्याशिवाय सांगता येत नाही. ज्या गाडीला 3.8 बार हवा, तिच्यात 3 बार हाच दोष आहे.

सुरक्षिततेबद्दल थोडक्यात, पण अगदी मनापासून सांगतो. पंपाचा फ्यूज किंवा रिले काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, मगच लाइन उघडावी. तरीही जोडावर कापड धरूनच ती सैल करावी. इंजिन थंड असावे, जागा हवेशीर असावी, अग्निशामक हाताशी असावा आणि उघडे बल्ब किंवा ठिणगी उडवणारी साधने जवळ नसावीत. गेज जोडल्यावर इंजिन सुरू करण्यापूर्वी नुसते इग्निशन चालू करून प्रत्येक जोड हाताने चाचपून पाहावा.

आता गेज कुठे आणि कसा वाचायचा ते पाहू. इग्निशन चालू करताच बहुतेक गाड्यांत पंप साधारण दोन सेकंद चालतो आणि स्टार्टर फिरवला नाही तर थांबतो; त्या दोन सेकंदांत काटा किती झपाट्याने वर जातो आणि पंप थांबल्यावर कुठे स्थिरावतो, याची नोंद करा. नंतर आयडलिंगचा दाब पाहा, मग उभ्या गाडीत ॲक्सिलरेटरला झटका देऊन पाहा. खरी परीक्षा मात्र रस्त्यावर होते. लांब नळीचा गेज घेऊन तो बॉनेटच्या फटीतून बाहेर काढून समोरच्या काचेवर बाहेरच्या बाजूने पक्का बांधावा. इंधन भरलेला गेज कोणत्याही परिस्थितीत केबिनमध्ये घेऊ नये. दुसऱ्या माणसाला गाडी चालवू द्यावी आणि ज्या चढावर, ज्या गिअरमध्ये तक्रार येते, तिथेच काट्याकडे लक्ष ठेवावे. दम तुटण्याच्या आधी काटा घसरू लागला तर दोष इंधनपुरवठ्यात आहे. इंजिन दमत असतानाही दाब जागच्या जागी राहिला तर टाकी, पंप आणि फिल्टर यांचा पिच्छा सोडून इग्निशन कॉइल, हवा मोजणारा सेन्सर किंवा धूर शुद्ध करणारा पण तुंबलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर यांच्याकडे वळावे. ही एकच चाचणी निम्मे संशय दूर करते.

दाब किती घसरला तर फरक जाणवतो? इंजेक्टरमधून जाणारे इंधन दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. 3 बारचा दाब 2.4 बारवर आला, म्हणजे 20 टक्के घटला, तर इंधन सुमारे 10 ते 11 टक्क्यांनी कमी पडते. एवढी तूट ईसीयू इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवून भरून काढू शकतो आणि चालकाला काही कळतही नाही. दाब 1.5 बारवर आला तर मात्र इंधन सुमारे 30 टक्क्यांनी घटते. ते बहुतेक वेळा भरपाईच्या मर्यादेपलीकडचे असते, आणि तिथे झटके व मिसफायर (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणे) सुरू होतात.

ही भरपाई स्कॅनरवर, म्हणजे ईसीयूमधली माहिती वाचणाऱ्या उपकरणावर, दिसते, आणि गेज जोडण्यापूर्वीच तिच्यावरून बरेच समजते. फ्युएल ट्रिमचा, म्हणजे ईसीयूने इंधनात केलेल्या दुरुस्तीच्या टक्केवारीचा, आकडा धन असेल तर ईसीयू जादा इंधन देत आहे. आयडलिंगला ट्रिम मोठा आणि वेग वाढवल्यावर शून्याकडे येत असेल, तर मॅनिफोल्डमध्ये कुठून तरी न मोजलेली हवा शिरत असण्याची शक्यता अधिक. याउलट आयडलिंगला ट्रिम ठीक आणि भार वाढेल तसा तो वाढत जात असेल, तर इंधन कमी पडते आहे किंवा एअर फ्लो सेन्सर हवा कमी मोजतो आहे. या दोघांचा नमुना अगदी सारखा दिसतो, आणि त्यांना वेगळे करण्याचे काम वर सांगितलेला रस्त्यावरचा गेज करतो. (मॅनिफोल्डच्या दाबावरून हवेचा हिशेब करणाऱ्या गाड्यांत हवेची गळती ट्रिममध्ये तितकी स्पष्ट उमटत नाही, बहुतेक वेळा आयडलिंगच वाढते, हे लक्षात ठेवावे.) पूर्ण ॲक्सिलरेटरवर अनेक गाड्यांत ईसीयू ट्रिमचा वापर थांबवतो, म्हणून तेव्हा ऑक्सिजन सेन्सरकडे पाहावे: साधा सेन्सर अशा वेळी 0.8 ते 0.9 व्होल्टच्या आसपास असायला हवा, आणि दम तुटताना तो 0.1-0.2 व्होल्टवर पडत असेल तर इंजिन इंधनासाठी उपाशी आहे यात शंका नाही. स्कॅनरवर दिसणारा पी0171 हा दोषाचा कोड मिश्रण पातळ (हवेच्या मानाने इंधन कमी) असल्याचे आणि पी0087 रेलचा दाब कमी असल्याचे सांगतो. पण दोन्ही कोड परिणाम सांगतात, कारण नव्हे.

समजा, रस्त्यावर आपला काटा घसरला. आपण पंप बदललेला असल्यामुळे माझा पहिला संशय विजेवर जातो. मल्टिमीटर पंपाच्या कनेक्टरवर, पंप चालू असताना, मागच्या बाजूने पिन लावून जोडावा. कनेक्टर काढून रिकाम्या टोकावर मोजलेला व्होल्टेज निरुपयोगी असतो, कारण करंट वाहत नसताना अत्यंत खराब जोडही पूर्ण 12 व्होल्ट दाखवतो. इंजिन चालू असताना बॅटरीवर 14 व्होल्ट असतील तर पंपावर 13.5 च्या जवळपास मिळायला हवेत. तिथे 11.5 मिळाले, तर अडीच व्होल्ट कुठे तरी उष्णतेत जात आहेत, आणि तेवढ्याने पंपाचा प्रवाह चांगलाच घटतो. मग तो तोटा टप्प्याटप्प्याने शोधावा: मीटरची एक तार बॅटरीच्या धन टोकावर आणि दुसरी पंपाच्या धन पिनवर ठेवून धन बाजूचा तोटा मोजावा, तसाच पंपाच्या ऋण पिनपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत अर्थिंगचा तोटा मोजावा. अर्थिंगच्या बाजूला 0.2 व्होल्टपेक्षा जास्त मिळाले तर बॉडीवरचा अर्थिंगचा बोल्ट काढून, रंग व गंज खरवडून तो पुन्हा कसावा. ज्या गाड्यांत ईसीयू पंपाचा वेग बदलतो, तिथे हा पुरवठा तुकड्यातुकड्यांत येत असतो आणि साधा मीटर सरासरी दाखवतो. अशा ठिकाणी पंपाच्या कंट्रोल मॉड्यूलला मिळणारा व्होल्टेज आणि त्याचे अर्थिंग तपासावे.

टाकीवरच्या पंप-मॉड्यूलच्या झाकणावरचा कनेक्टर आवर्जून डोळ्यांनी तपासा. करंट जास्त आणि पकड सैल असली की तिथली एक पिन तापत राहते. तिच्याभोवतीचे प्लास्टिक आधी पिवळट, मग तपकिरी होते आणि शेवटी थोडे वितळून पिनवर चढते. नवा पंप त्याच जळक्या सॉकेटमध्ये खोचला जातो, दोन-चार दिवस पकड घट्ट राहिल्याने गाडी बरी चालते आणि तक्रार परत येते. पिनची पकड पाहण्यासाठी त्याच मापाची सुटी पिन सॉकेटमध्ये घालून ओढून पाहावी. ती विनासायास निसटली तर सॉकेट बदलणे हाच उपाय आहे. रिलेच्या बैठकीतही हाच आजार आढळतो.

व्होल्टेज चांगला मिळाला, तर पंपाच्या तारेवर डीसी क्लॅम्प मीटर लावून करंट पाहा. साध्या प्रवासी गाड्यांत तो बहुधा 4 ते 8 अँपिअरच्या दरम्यान असतो. करंट नेहमीपेक्षा जास्त आणि रेलवर दाब कमी असेल, तर पंपाच्या पुढे अडथळा आहे, म्हणजे फिल्टर तुंबला आहे किंवा लाइन दबली आहे, नाहीतर मोटर आतून जड झाली आहे. करंट कमी आणि दाबही कमी असेल, तर पंप झिजला आहे, तळाची जाळी तुंबल्यामुळे त्याला ओढायला इंधनच मिळत नाही, किंवा त्याने पुढे ढकललेले इंधन टाकीतच गळून परत पडते आहे. जाळी तुंबल्यावर पंपाचा आवाजही बदलतो, तो तीव्र सुरात कण्हू लागतो. टाकीचा श्वास कोंडला असेल तरीही हेच घडते: इंधन कमी होत जाते, हवा आत येत नाही आणि टाकीत व्हॅक्यूम तयार होतो. अर्धा-पाऊण तास चालल्यावरच तक्रार येत असेल तर थांबून पेट्रोल भरण्याचे झाकण उघडा. हवा जोरात आत खेचली गेली आणि त्यानंतर गाडी ठीक धावली, तर दोष झाकणाच्या किंवा बाष्प साठवणाऱ्या कॅनिस्टरच्या व्हॉल्व्हमध्ये आहे.

प्रवाह मोजण्यासाठी परतीच्या लाइनवरून, किंवा ती नसेल तर योग्य अडॅप्टर लावून, मापाच्या बंद भांड्यात इंधन घ्यावे. 30 सेकंदांत अर्धा लिटर हा कामचलाऊ किमान आकडा मानला जातो, नेमका आकडा पुस्तिकेत मिळेल. भांड्यात येणारी धार सलग आहे की फुगे येत आहेत हेही पाहावे, कारण फुगे आले तर पंप हवा ओढतो आहे.

आता सकाळच्या तक्रारीकडे वळू. इंजिन बंद केल्यावर लाइनमध्ये दाब टिकून राहावा म्हणून पंपात एकदिशा व्हॉल्व्ह असतो. हा दाब सकाळी गाडी पटकन सुरू होण्यासाठी लागतोच, शिवाय गरम इंजिनात रेलमधल्या पेट्रोलची वाफ होऊ नये यासाठीही लागतो. एक सोपी परीक्षा आज सकाळीच करता येईल: स्टार्टर न फिरवता इग्निशन चालू करून तीन सेकंद थांबा, बंद करा, असे तीन-चार वेळा करून मग स्टार्टर फिरवा. गाडी लगेच सुरू झाली, तर रात्री दाब उतरून जातो हे नक्की. त्यानंतर गेज लावून इंजिन बंद करा आणि काटा पाहत राहा. अगदी सुरुवातीची किंचित घसरण सामान्य आहे. पण पाच-दहा मिनिटांत काटा शून्याकडे आला तर गळती आहे. ती कुठे आहे हे शोधण्यासाठी पुन्हा दाब भरून, पंप थांबताच पुरवठ्याची लाइन शटऑफ व्हॉल्व्हच्या अडॅप्टरने बंद करावी. दाब टिकला तर गळती टाकीच्या बाजूला आहे. टिकला नाही आणि परतीची लाइन बंद केल्यावर टिकला तर रेग्युलेटर दोषी आहे. दोन्ही बंद करूनही घसरला तर एखादा इंजेक्टर ठिबकतो आहे. नायलॉनच्या कडक नळ्या पकडीने दाबू नयेत, त्या चिरतात.

इंजेक्टर ठिबकत असेल तर सुरू होताना इंजिन अडखळते, धुराला पेट्रोलचा वास येतो आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवल्यास बहुतेक गाड्या लवकर सुरू होतात, कारण त्या स्थितीत ईसीयू इंजेक्टर बंद ठेवतो. एकदिशा व्हॉल्व्ह गळत असेल तर स्टार्टर जास्त वेळ फिरतो, पण एकदा सुरू झाले की इंजिन स्वच्छ चालते. इंजेक्टर बदलण्याचा निर्णय या फरकावर आणि वरच्या चाचणीवर अवलंबून असावा; आपण अजून तिथे पोचलेला नाही.

आपल्या बाबतीत मला विशेष शंका येते ती पंपाच्या मॉड्यूलच्या आतल्या जोडणीची. आपण पूर्ण मॉड्यूल न बदलता फक्त मोटर बदलली आहे. मोटर आणि मॉड्यूलचे झाकण यांच्यामधली आखूड नळी कायम पेट्रोलमध्ये बुडालेली असते आणि तिला आतून-बाहेरून दोन्हीकडून इंधन सोसावे लागते. बाजारातली साधी इंधननळी बाहेरून बुडवण्यासाठी बनवलेली नसते; ती फुगते, मऊ पडते आणि क्लिपपाशी चिरते. तिथे एसएई जे30आर10 दर्जाचीच नळी वापरावी लागते. या चिरेतून दाबाखालचे इंधन टाकीतच परत पडते, बाहेर थेंबही दिसत नाही. आयडलिंगला पंप हा तोटा भरून काढतो, भारावर तो भरून निघत नाही, आणि इंजिन बंद केल्यावर दाब याच वाटेने उतरतो. मुरगळलेली ओ-रिंग (जोडातली गोल रबरी सील) हेच करते. आपल्या दोन्ही तक्रारी एकाच कारणाने समजावून सांगणारा हा दोष आहे, म्हणून व्होल्टेज बरोबर, करंट कमी आणि गळती टाकीच्या बाजूला असे तिन्ही निष्कर्ष मिळाले तर मॉड्यूल बाहेर काढून ही नळी आणि ओ-रिंग सर्वप्रथम पाहा.

दाब जास्त असण्याचे दोष तुलनेने सरळ असतात. परतीची लाइन तुंबली किंवा रेग्युलेटर अडकला की दाब वाढतो, मिश्रण दाट होते आणि ट्रिम ऋण दिसतो. रेलवरच्या रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढून हुंगून पाहावी. तिच्यात पेट्रोल ओले दिसले तर आतला पडदा फाटला आहे आणि रेग्युलेटर बदलण्यावाचून पर्याय नाही.

थेट सिलिंडरमध्ये इंधन सोडणाऱ्या इंजिनांत टाकीतला पंप साधारण 4 ते 6 बारवर इंधन पुढे देतो आणि कॅमवर चालणारा दुसरा पंप ते 50 ते 200 बार, काही नव्या इंजिनांत 350 बारपर्यंत नेतो. उच्च दाबाच्या बाजूला साधा गेज कधीही लावू नये आणि ती लाइन कंपनीने सांगितलेल्या पद्धतीने दाब उतरवल्याशिवाय उघडू नये. ती धार कातडी भेदून आत जाते. तिथे स्कॅनरवर मागितलेला आणि प्रत्यक्ष दाब शेजारी ठेवून पाहावा, आणि तफावत दिसली तरी आधी कमी दाबाची बाजू वर सांगितलेल्या पद्धतीने तपासावी, कारण खालून इंधन कमी आले तर वरचा पंप काहीही करू शकत नाही.

दुरुस्ती झाल्यावर ईसीयूने साठवलेले जुने ट्रिम पुसून टाका, म्हणजे आधीची भरपाई नव्या स्थितीवर लादली जाणार नाही. गेज तसाच ठेवून त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये गाडी पुन्हा चालवा, आणि टाकीत इंधन पाव असताना एकदा व भरलेली असताना एकदा असे दोन्ही वेळा पाहा. शेवटी गाडी रात्रभर गेजसकट उभी ठेवून सकाळी इग्निशन चालू करण्यापूर्वी काटा कुठे आहे ते वाचा.